आरशाची पाठ

अर्धांगवायूनंतर गुरुजी प्रथमच वर्गात उभे होते. लोंबणारा डावा गाल त्यांनी मफलरखाली झाकला होता. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "पोरं घाबरली नाहीत, तर उद्यापासून या."

थंडीच्या धड्यात हिमकण होता. गुरुजींनी कागदावर अर्धाच हिमकण काढला आणि मधल्या रेषेवर आरसा उभा धरला. उरलेला अर्धा आरशात दिसला, तशी पोरं ओरडली.

"तुम्ही बर्फ पाहिलाय, गुरुजी?"

"गोळेवाल्याकडचा," ते म्हणाले. सगळे हसले, तेही हसले आणि मफलर घसरला.

एक पोर रडू लागलं.

पहिल्या बाकावरची कस्तुरी उठली. तिने आरसा उचलला आणि त्यांच्या नाकाच्या रेषेत, उजव्या गालाकडे तोंड करून उभा धरला.

"इकडून बघा रे! गुरुजी पहिल्यासारखे झाले!"

"सरक की, मला बघू दे!" सगळी पोरं त्यांच्या उजवीकडे दाटीवाटीने उभी राहिली. दारातून मोठ्या बाई म्हणाल्या, "उद्यापासून या हं, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली नाही. आरसा हलला असता. त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर फक्त आरशाची तांबडी पाठ होती.