रविवारी येतेय

“अहो, जरा ओढून धरा. झोळ पडतोय,” स्टुलावर चढलेले मास्तर म्हणाले, आणि तोंडातला दोरा सोडवून त्यांनी जाळीच्या कडेला आणखी एक टाका घातला.

खाली जाळीचं टोक धरून उभे असलेले शेजारी म्हणजे बसचे निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली तरी जीभ सुटली नव्हती. “मास्तर, एवढ्या मेहनतीत त्या मांजरीला झबलं-टोपडं शिवून झालं असतं.”

“तेही शिवेन. आधी ती खाली पडणार नाही एवढं बघू. चौथा मजला आहे.”

जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला दुसऱ्याचं काम पटणं कठीणच. जाळी लावणारा माणूस येऊन गेला होता. तो नुसती हुकांना अडकवणार म्हणाला, तेव्हा मास्तरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग स्वतःच जाळी आणली, कडांना जाड पट्टी लावली आणि गॅलरीला अंगाबरोबर बसेल असा अंगरखाच शिवायला घेतला. जाळीच्या भोकातून डोकं निसटू नये म्हणून फोनवरून मांजरीची मापंही मागवली. “डोक्याचा घेर किती? टेप सैल नको धरू, घट्टही नको.”

“बाबा, ठमी टेपच चावतेय!” मुलगी हसून हसून बेजार झाली. तिचं असं हसणं मास्तरांनी फार दिवसांनी ऐकलं. त्या रात्री त्यांना जेवणही चार घास जास्त गेलं.

मुलीला ते चिमणी म्हणत. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली ती तिकडचीच झाली. आई गेली तेव्हा गळ्यात पडून म्हणाली होती, “महिन्याभरात बदली करून घेते. तुम्हाला एकटं नाही ठेवणार.” त्या महिन्याची वर्षं झाली. मास्तर तोंडाने काही बोलले नाहीत. पण पोटच्या पोरीने आपल्याला गोड बोलून गुंडाळलं, हे त्यांना आतून फार लागलं होतं.

आणि मग मागच्या आठवड्यात तिचा फोन आला.

“बाबा, नोकरी सोडली मी. इथलं घरही सोडतेय.”

मास्तरांच्या हातातली कात्री हातातच राहिली. “मग?”

“आधी सांगा, मांजर चालेल ना तुम्हाला?”

“तू वाघ आण गं!”

ती हसली नाही. म्हणाली, “मग रविवारी येतेय. आता कायमची तिकडेच राहणार. गॅलरीचं तेवढं बघाल? ठमीला उड्या मारायची फार खोड आहे.”

येतेय. कायमची. मास्तरांनी ही बातमी मजल्यावरच्या प्रत्येक दारात पोहोचवली. कंडक्टरांना तर इतक्या वेळा ऐकवली, की ते म्हणाले, “कळलं हो! फाडलं मी तिचं तिकीट. एकेरी. परतीचं मागितलं तरी द्यायचा नाही.”

तिच्या खोलीत मास्तरांचं मशीन असे. ते त्यांनी ओढत बाहेर आणलं. कपाट रिकामं केलं, निळ्या कापडाचे पडदे शिवले. मग न राहवून फोन लावला. “पलंग भिंतीशी ठेवू की खिडकीपाशी?”

“खोलीचं राहू द्या हो, बाबा. जाळी नीट झाली का?”

“झाली. पण पलंग?”

“खिडकीपाशी ठेवा. ठमीला ऊन आवडतं.”

“बघा,” मास्तर फोन ठेवून कंडक्टरांना म्हणाले, “स्वतःपेक्षा त्या जनावराची काळजी जास्त. अगदी आईवर गेलीय.”

रविवारी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि उगाचच गॅलरीचे टाके पुन्हा ओढून पाहिले. एकही हलला नाही. दुपारी बेल वाजली, तेव्हा कंडक्टर आधीच येऊन सोफ्यावर बसले होते.

दारात गाडीवाला होता. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात झरोक्यांची पेटी, आणि पेटीत दोन पिवळे डोळे.

“या, या. ठमाबाई आल्या!” मास्तरांनी पेटी अलगद घेतली आणि त्याच्या खांद्यावरून लिफ्टकडे पाहिलं. “बॅगा खाली आहेत ना? थांबा, मी येतो. तिला एकटीला उचलवायच्या नाहीत.”

ते चपला पायात सरकवू लागले.

“बॅगा नाहीत, काका. एवढंच सामान. वाळू, खाणं आणि तिची चादर.”

“मांजरीचं नाही हो. मुलीचं सामान.”

गाडीवाला गोंधळला. “ताईंचं त्यांच्याबरोबर गेलं ना. परदेशातली नोकरी म्हणजे केवढ्या बॅगा! पहाटे विमानतळावर सोडलं त्यांना आणि हिला घेऊन तसाच निघालो.”

मास्तरांनी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. चढलेलं स्टूल कुणीतरी पायाखालून काढून घ्यावं तसं त्यांना झालं. कंडक्टर उठून जवळ आले.

पेटीतून ठमी एकदा बारीक ओरडली.

“तुम्हाला माहीत नव्हतं?” गाडीवाला चाचरत म्हणाला. “मी मुद्दाम विचारलं होतं, काकांना हिचं कळवलंय ना? ताई म्हणाल्या, कधीच सांगून ठेवलंय, रविवारी येतेय, आता कायमची तिकडेच राहणार.”