जिवंत लेप

कित्येक वर्षं मऊ भातावर राहिलेल्या केतकीच्या ताटात आज आईने पुरणपोळी वाढली. औषधाचा थेंबही न देता, पोटात सोडलेल्या जंतूंच्या नुसत्या जिवंत लेपाने तिच्या आतड्यातल्या जखमा भरल्या होत्या. हा लेप जखमेला चिकटूनच जगे. आता जखम उरली नव्हती, त्यामुळे दोन दिवसांत तो मरून गळून पडणार होता.

केतकीने पोळी बाजूला सारली आणि बाबांच्या पानातला मिरचीचा ठेचा मूठभर उचलला.

बाबा हसले. “झाली की पोर कोल्हापूरची!”

“हसताय काय? पुन्हा रक्त पडेल तिला!” आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

केतकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी हात तोंडाकडेच ओढ घेत होता.

“मला नकोय गं, आई,” ती कळवळली. “त्या लेपाला जखम हवीय. सोडू नकोस माझा हात.”