थोरलीचा काप

थोरली जिवंत आहे हे तंत्रज्ञबाईंना कळलं, तेव्हा त्या तिचाच काप काचेवर चढवत होत्या.

लॅबच्या खिडकीपाशी एक तरुणी काठी टेकून उभी होती. "नव्या डॉक्टरांना माझ्या जुन्या गाठीचा नमुना हवाय," म्हणत तिने कागद पुढे केला. बाईंनी त्यावरचा नंबर वाचला, गाठ जपून ठेवलेल्या हातातल्या मेणाच्या ठोकळ्यावरचा वाचला, चष्मा पुसून दोन्ही पुन्हा वाचले. मग त्यांनी तिला हात धरून आत आणलं.

अकरा वर्षांपूर्वी हाडाच्या कॅन्सरची ती गाठ इथे आली होती. पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याला रसायन लावलं की ते तपकिरी दिसतं. जितकं गडद, तितकी आजार फुप्फुसात पसरण्याची भीती जास्त. या गाठीइतका गडद रंग कुणी पाहिला नव्हता. म्हणून रोज पहिली काच तिची लागे. ती तपकिरी झाली की रसायन चोख, बाकीच्यांचे निकाल खरे. बाईंनीच तिचं नाव थोरली ठेवलं होतं. एवढ्या रंगाची पोर वाचणार कुठली, असं धरूनच त्या चालल्या होत्या. काप काढताना रोज पुटपुटायच्या, "जरासंच घेते हं, थोरले."

"म्हणजे अकरा वर्षं मी इथे बिनपगारी राबतेय?" सगळं ऐकून तरुणी म्हणाली. "एक रजा नाही की काही नाही!"

बाईंना हसू आलं आणि पाठोपाठ रडू. "मी तर तुला केव्हाच पोचवून बसले होते गं."

"घरच्यांनीही आशा सोडली होती. पाय गेला, फुप्फुसाची दोन ऑपरेशनं झाली. मीच मेली चिवट."

मायक्रोस्कोपपाशी कालच्या दोन काचा शेजारी शेजारी होत्या. दोन्ही सारख्याच गडद.

"ही माझी. आणि ही?"

"धाकटी," बाई म्हणाल्या. त्याहून जास्त सांगायची मुभा नव्हती. बाहेरच्या बाकावर सकाळपासून एक आई मुलीच्या निकालासाठी बसली होती. दुपारी डॉक्टर तिला बोलावणार होते. तीनदा खिडकीशी येऊन तिने विचारलं होतं, "बरं आहे ना हो सगळं?" आणि तिन्ही वेळा बाईंनी उगाचच कागद चाळले होते.

बाईंनी दोन काप बांधून दिले. "ठोकळा राहू दे इथेच," थोरली म्हणाली. "माझी नोकरी घालवू नका."

"जाताना बाहेर बाकावर जरा टेक. पाय दुखत असेल."

"माझा? अहो, तो तर..." ती थांबली. खिडकीतून तिने बाकाकडे पाहिलं, मग त्या दोन काचांकडे. काठी उचलून ती बाहेर गेली.

"जरा सरकता का, काकू?"

बसल्यावर तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि नकली पायाचा पट्टा सैल केला. ती आई बघत राहिली.

"दुखतं का गं?"

"आता नाही. अकरा वर्षं झाली."

"अकरा," आई हळूच म्हणाली. तिने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली. "घाई नसेल तर बस ना जरा."