मराठीच हाय, बघू दे

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या देवाप्पांनी उभा जन्म मराठी पाट्यांसाठी मोर्चे काढण्यात घालवला. चार वर्षांची नात उपासना दिवसभर मोबाइल घेऊन बसायची, त्याला त्यांची हरकत नव्हती. पण एकदा सुनेनं त्यावर कानडी बडबडगीत लावलं, तर आप्पा भरल्या ताटावरनं उठले. "माझ्या घरात ही भाषा चालायची न्हाय!" मग त्यांनी स्वतः एक मराठी कार्टून शोधून नातीला लावून दिलं. ते संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, आपोआप लागत गेलं.

"आप्पा, माझं हात पिठात हाईत. पोरगी मघाधरनं गप हाय, काय बघतीया तेवढं बघा की," सून स्वयंपाकघरातनं ओरडली.

आप्पांनी मोबाइल कानाला लावला, डोळे मिटून नीट ऐकलं आणि परत नातीच्या हातात दिला. "मराठीच हाय गं. बघू दे."

रविवारी मोर्च्यातली जुनी मंडळी चहाला जमली होती. तेवढ्यात तिच्या धाकट्या भावाच्या पाळण्याजवळनं उपासनाचा आवाज आला, "गप पड रं बाळा. आता सुरीनं तुझं पोट फाडायचं, आतडी बाहेर काढायची, मग मज्जा!" सून किंचाळत धावली आणि तिनं पोरीच्या हातातली सुरी हिसकावून घेतली. मंडळींचे कप हातातच राहिले.



आप्पांनी अभिमानानं सगळ्यांकडं बघितलं. "ऐकलासा न्हवं? एक शब्द कानडी न्हाय!"