फितीमागचा दवाखाना

“फीत तुमची, कुलूप तुमचं, आणि मेली ती आमची बाई. आता बोला.”

अकोल्गो टेबलासमोर उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. पलीकडे जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतले साहेब होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वरच्या पंख्याकडे पाहिलं. वीज नव्हती.

बाहेर व्हरांड्यात सकाळपासून माणसं बसली होती. टोपली विणत बसलेल्या एका म्हातारीनं त्याचे रिकामे हात बघून विचारलं होतं, साहेबांसाठी गिनी कोंबडी न आणता आलास, म्हणजे निवडणुकीपर्यंत इथंच मुक्काम का? सगळे हसले होते. तोही हसला होता. मग नंबर यायच्या आधीच आत घुसला होता.

दवाखाना त्याच्या बापाच्या बाजरीच्या शेतात उभा होता. जमीन फुकट दिलेली. भिंती खिडकीपर्यंत आल्या आणि सरकार बदललं. नवं सरकार जुन्याच्या भिंतीला हात लावेना. चार वर्षं आत बकऱ्या राहिल्या. मग जुनं सरकार परत आलं. पत्रे चढले, रंग लागला आणि दाराला आडवी फीत बांधली गेली. राजधानीतून, अक्राहून मंत्री येणार, फीत कापणार, मग दार उघडणार. पाच वेळा तारीख ठरली. पाच वेळा बायकांनी मोठ्या पातेल्यात भात शिजवला, ढोलवाले नटून बसले. पाचही वेळा तो भात गावानंच खाल्ला.

किल्ली अकोल्गोच्या गळ्यात होती. जमीन त्याची, म्हणून राखणदारही तोच. गावानं जिल्हा सभेवर निवडून दिलेल्या सभासदानं त्याला बजावलं होतं, मंत्र्यांच्या आधी फीत तुटली तर या दवाखान्यासाठी मिळालेली नर्स दुसऱ्या गावाला जाईल, आणि ती तू घालवलीस असं सगळे म्हणतील.

मार्चमध्ये त्याची बायको आयाम्पोका अडली. भर दुपारी तिला त्या दारापर्यंत आणलं. ती फितीखाली ओट्यावर पडली होती. किल्ली त्याच्या मुठीत होती. आत पलंग होता, पाण्याची टाकी होती. जवळच्या आरोग्य ठाण्यावरच्या नर्सला बोलावता आलं असतं. त्यानं दार उघडलं नाही. साऱ्या गावाची नर्स जाईल, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. तिला तीनचाकी मालवाहू गाडीत घालून ते मोठ्या दवाखान्याकडे निघाले. कोरड्या नदीच्या वाळूत चाक रुतलं. आई आणि पोटातली मुलगी, दोघी तिथंच गेल्या. सासू रडली नाही. तिनं एकच विचारलं, फीत किती हात लांब होती रे?

आता त्याची बहीण लामिसी दिवसांत होती, नऊ महिने भरत आलेले. म्हणून तो आला होता. मागणं एकाच कागदाचं होतं. शिक्का मारून द्या, की मंत्र्यांनी फीत कापायच्या आधी दार उघडायला हरकत नाही. मंत्री कधी यायचे तेव्हा येऊ देत. आम्ही नवी फीत बांधू, पुन्हा भात शिजवू.

साहेबांनी कपाटातून जाड फाईल काढली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अकोल्गोला पाणी दिलं आणि हळू आवाजात समजावलं.

“भाऊ, जे उघडं आहे ते उघडायचा हुकूम मी कसा देऊ?”

दवाखाना ऑक्टोबरपासून चालू होता. कागदावर. वर्षअखेरीला अक्राला आकडा दाखवायचा होता, म्हणून तो उघडला गेला. फितीचं खातं वेगळं, ते मंत्र्यांचं. औषधंही दर महिन्याला तिकडे जातात, साहेब म्हणाले, आणि पुन्हा पंख्याकडे बघू लागले.

अकोल्गोनं विचारलं, तिथं कोण बाळंत होतं?

साहेबांनी तेही सांगितलं. ठाण्यावरची नर्स मोटरसायकलवरून गावात आली होती, तेव्हा तिनं चिंचेखाली पोटुशा बायकांचं वजन केलं, नावं आणि तारखा लिहून घेतल्या. तारीख उलटली, की नावापुढे बाळंतपण लिहायचं. वरून सांगितलंय तसं. या महिन्यात सुट्ट्या होत्या, म्हणून अहवाल जरा लवकर गेला. त्यांनी पान उलटून दाखवलं. लामिसी. मुलगा. वजन तीन किलो.

“तिला अजून कळासुद्धा आल्या नाहीत,” अकोल्गो म्हणाला.

“मग चांगलंच की. नीट होईल सगळं.”

बाहेर म्हातारी कुणाची तरी टिंगल करत होती. अकोल्गोनं फाईल स्वतःकडे ओढली. साहेब म्हणाले, जुनी पानं राहू दे. तो सहावीपर्यंत शिकला होता. मार्चचं पान त्याला सापडलं. एका ओळीवर बोट ठेवून तो एकेक अक्षर लावत गेला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आयाम्पोका. मुलगी. आई व बाळ सुखरूप. तिसऱ्या दिवशी घरी पाठवले.

साहेबांनी फाईल मिटायला हात पुढे केला. अकोल्गोनं बोट उचललं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं टेबलावरचं पेन घेतलं आणि साहेबांपुढे धरलं.

“आमच्या घरी ती आली नाही, साहेब. कुणाच्या घरी पाठवलीत, तेवढं लिहून द्या.”