लेखी मनाई

"इवाई, माझं नाव आत्ताच्या आत्ता काढा त्या यादीतून!"

शिवाजीराव चपलांसकट इस्माईलच्या नेट कॅफेत घुसले. टेंभुर्णीत तेव्हा इंटरनेट नवंनवं. इस्माईलकडं कॉम्प्युटर दोनच, आणि त्यातला एक रोज सकाळी दहा ते अकरा रामरावांचा. रामराव म्हणजे रिटायर ग्रामसेवक. गावातली नाली तुंबलेली, तिच्यावर ते रोज एक ई-मेल सांगायचे, इस्माईल टाइप करायचा. तो जायचा दोनशे बारा जणांना. लग्नात, मैतीला, एसटीत, जो भेटेल त्याच्याकडून त्यांनी पत्ते घेतले होते. पाठवा म्हणून एकानंही सांगितलं नव्हतं. शिवाजीराव तर रामरावांच्या थोरल्या लेकीचे, शिवकन्येचे सासरे, म्हणजे इवाई, सख्खे व्याही. जालन्यात त्यांचं बियाण्याचं दुकान.

"तुमची नाली उघडायला अर्धा तास लागतो! तवर इंटरनेटपायी माझा फोन एंगेज. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन राह्यलं!"

"घटनेनं बोलायचा हक्क दिलाय मला," रामराव ताठ होत म्हणाले.

"मंग बोला की! चौकात उभं राहून बोला. माझ्या दुकानात घुसून बोलायचा हक्क कोणी दिला?"

असं म्हणून त्यांनी वकिलाची नोटीस टेबलावर आपटली. 'यापुढे माझ्या अशिलास न मागता कोणत्याही स्वरूपाचा मजकूर कोणत्याही मार्गाने पाठवू नये.'

रामरावांना फार लागलं. परक्यानं नोटीस दिली तर माणूस भांडतो तरी, इवायाशी काय भांडणार? पण तीस वर्षं सरकारी कागद सांभाळलेला माणूस. लेखी म्हणजे लेखी. नोटिशीला भोक पाडून त्यांनी ती फायलीत लावली आणि इस्माईलला म्हणाले, "काढ नाव. आणि बाकीच्यांना बी विचार, नको असंल तर कळवा म्हणून."

आजवर त्यांच्या एकाही मेलला उत्तर आलं नव्हतं. ह्याला एका दिवसात दोनशे सात आली.

यादीत चौघं उरले. स्वतः रामराव, इस्माईल, बंद पडलेला एक पत्ता आणि पुण्याचा भाचा कडूबा. कडूबा पासवर्ड विसरला होता. तरी रामराव रोज दहाला येत, नाली सांगत आणि अकराला दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून स्वतःच वाचत. इस्माईलला बघवत नव्हतं बिचाऱ्याला.

दोन महिन्यांनी धाकट्या लेकीची, कौसल्येची सुपारी फोडायचं ठरलं. बायको गिरिजाबाईंनी विचारलं, "इवायाला बोलावणं गेलं का?"

"न्हाई. लेखी मनाई हाय."

"कशाची मनाई?"

"कोणत्याही स्वरूपाचा मजकूर. कोणत्याही मार्गानं."

गिरिजाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, थोरल्या पोरीला नांदायचंय त्या घरात! तोंडानं तरी सांगा!"

"तो बी मार्गच हाय. उद्या कोर्टात तू उभी राहशील का?"

सुपारीच्या आदल्या दिवशी शिवकन्या पिशवी भरून माहेरी निघाली, तेव्हा कुठं शिवाजीरावांना कळलं. तिच्या मागोमाग तेही टेंभुर्णीत हजर. या वेळी चपला बाहेर काढल्या होत्या.

"थोरला इवाई मी! माझ्याबिगर सुपारी फोडता? भावकीत तोंड कसं दाखवू?"

रामरावांचं मन गलबललं. पण त्यांनी फाईलच काढली. "इवाई, या म्हणायला माझी जीभ शिवशिवून राह्यली. पण 'न मागता' पाठवू नये असं लिहिलंय. मंग मागा ना. लेखी."

शिवाजीरावांनी कागद घेतला. मांडी घालून खाली बसले. लिहिलं, 'विषय: यादीत नाव परत घेणेबाबत. कृपया फक्त आमंत्रण पाठविणे.' खाली सही ठोकली.

रामरावांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला आणि परत दिला.

"असं तुकड्यानं मिळत न्हाई, इवाई. यादी एकच हाय."

शिवाजीरावांनी शिवकन्येकडं पाहिलं. गिरिजाबाईंकडं पाहिलं. 'फक्त' खोडलं आणि 'आमंत्रण'च्या पुढं बारीक अक्षरात लिहिलं, 'व रोजची नाली.'