बदकाबद्दल दोन मतं

सहा नंबरच्या टेबलावरून अर्धं बदक परत आलं. मालकीणबाईंनी ताटाकडे पाहिलं, मग वेटरकडे.

“काय म्हणाले?”

“काही नाही. पोट भरलं म्हणाले.”

“चौघांचं? अर्ध्या बदकात?”

वेटरने खांदे उडवले. ते चौघं बाहेर पडले आणि दारातच एकाने मोबाइल काढला.

भाजलेल्या बदकाचं हे चिनी हॉटेल त्यांच्या नवऱ्याने सुरू केलं होतं. तो गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं, विकून टाका. बाईंनी ऐकलं नाही. नवऱ्याची तेवढीच एक गोष्ट उरली होती आणि ती त्यांना हातची जाऊ द्यायची नव्हती. पण गेले तीन महिने मोबाइलवर लोकांच्या अभिप्रायांनी नुसता धुमाकूळ घातला होता.

दुपारी हॉटेल रिकामं झालं की बाईंचा धाकटा भाऊ गल्ल्यावर बसून ते वाचून दाखवायचा.

“ताई, ऐक. ‘कातडी रबरासारखी. चावून चावून जबडा दुखला. बदक नीट सुकवलेलंच नसावं.’ एक तारा. आणि हा त्याच दिवसाचा. ‘कातडी इतकी कुरकुरीत, की शेजारच्या टेबलापर्यंत आवाज गेला. मालकीणबाई हसतमुख.’ पाच तारे.” भाऊ थांबला. “हा माणूस नक्की आपल्याच हॉटेलात आला होता ना?”

“गप रे.”

“भट्टी एक, आचारी एक, बदकं एकाच गाडीतून आलेली. मग एकाला रबर आणि दुसऱ्याला स्वर्ग, हे कसं?”

बाईंना स्वतःला बदक खाऊन वर्ष झालं असेल. दिवसभर तोच वास नाकात गेल्यावर जेवताना त्यांना साधा भातच बरा वाटायचा. त्यांच्या डोक्यात वेगळंच काही घोळत होतं. जेवायला आलेल्या माणसाला सुकवण्यातलं काय कळतं?

ते कळणारा माणूस हॉटेलात एकच होता. वस्ताद. हॉटेलचे आचारी, नवऱ्याच्या वेळचे, चौदा वर्षांचे. साफ केलेल्या बदकावर उकळतं पाणी ओतायचं, वरून पाक चोपडायचा आणि रात्रभर पंख्याखाली टांगून ठेवायचं, मगच भट्टीत सोडायचं, ही त्यांची पद्धत. गर्दी वाढली तशी टांगायला जागा पुरेना, म्हणून बाईंनी रात्रभराऐवजी चारच तास टांगायला सांगितलं. त्या दिवशी वस्ताद पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. “बाई, हे लोकांच्या पुढ्यात ठेवायची मला लाज वाटेल.” मग गप्प झाले आणि सांगितलं तसं करू लागले. त्यालाही आता तीनच महिने झाले होते.

“एक तारा देणारे वस्ताद, असा संशय?” भाऊ हसायलाच लागला. “ताई, काहीतरीच तुझं.”

“चौकात नवीन हॉटेल उघडलंय ना, तिथला माणूस दोनदा येऊन गेला वस्तादांकडे. जास्त पगार देतोय.”

“मग गेले का?”

“नाही ना गेले! माझ्याशी धड बोलत नाहीत, तिकडे पैसा जास्त, तरी इथेच. कशासाठी थांबलेत?”



तीन दिवस बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. रोज साडेतीनला वस्ताद मागच्या दाराशी तेलाच्या डब्यावर बसायचे, चष्मा लावायचे आणि एका बोटाने मोबाइलवर काहीतरी टिपत राहायचे. कुणाची चाहूल लागली की मोबाइल खिशात. आणि हाच माणूस पूर्वी मोबाइलला हातसुद्धा लावत नव्हता.

चौथ्या दिवशी बाई चपला काढून मागून गेल्या. पडद्यावर त्यांच्याच हॉटेलची पाटी होती आणि खाली पाच रिकामे तारे. वस्ताद दचकून उठले.

“आपल्या हॉटेलबद्दल तुम्ही लिहिता, वस्ताद?”

वस्तादांनी चष्मा काढला. “लिहितो.”

“वेगवेगळ्या नावांनी?”

“हो.”

“केव्हापासून?”

“तीन महिने होतील.”

“का?”

“तुम्ही सांगून ऐकत नव्हता, बाई. मग मी दुसरं काय करणार?”

“माझ्या नवऱ्याचं हॉटेल आहे हे!”

“म्हणूनच तर.”

एवढा उद्धटपणा बाईंनी चौदा वर्षांत पाहिला नव्हता. “उद्यापासून येऊ नका,” त्या म्हणाल्या.

“बाई, मी काय लिहिलंय ते एकदा वाचून तरी...”

“सगळं वाचलंय. तोंडपाठ आहे.”

वस्तादांनी ॲप्रन काढला, घडी करून डब्यावर ठेवला आणि भट्टी विझवायची राहिलीय, एवढं सांगून निघून गेले. बाईंना फार वाईट वाटलं. त्या आत जाऊन तोंडावर पाणी मारून आल्या. पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

वस्तादांच्या हाताखालचा आचारी भट्टीवर आला. तीच बदकं, तोच पाक, तेच चार तास. आठवडा गेला. मंगळवारी दुपारी बाई स्वतःहून चहा घेऊन गल्ल्याजवळ बसल्या.

“हं, वाच आता. किती आलेत?”

“सहा,” भाऊ म्हणाला. तो मोबाइलवर खाली-वर करत होता.

“मग वाच की.”

“‘कातडी चिवट. पैसे वाया.’ एक तारा. ‘बदक अर्धं टाकून उठलो.’ एक तारा.”

बाईंनी कप खाली ठेवला. “अजून लिहितोय का तो?”

“वस्ताद नाहीत ते. त्या सहा नंबरच्या टेबलावरच्यांनी आत्ता लिहिलंय. खाली त्या चौघांचा फोटो आहे.”

“असू दे. एखादा असतो असा. तू आधी चांगले वाच.”

भावाने मोबाइल बाईंच्या पुढ्यात ठेवला.

“ताई, चांगला एकही नाही. वस्ताद गेले त्या दुपारपासून.”